नावं पाठ करू नका, नळीला प्रश्न विचारा: पेशीविभाजनातल्या सूक्ष्मनलिका समजून घेताना

प्राण्यांच्या पेशीविभाजनावरचा शोधनिबंध पहिल्यांदा उघडला की दोन परिच्छेदांतच दहा-बारा नावं अंगावर येतात. ऑरोरा-बी, एमकॅक, ईबी-१, टीपीएक्स-२, न्यूमा, ऑगमिन, पीआरसी-१. बहुतेक जण वहीच्या मागच्या पानावर यादी करतात आणि पाठ करायला घेतात. आठवड्याभरात यादी विसरते, शोधनिबंध तिथेच राहतो.

यादी बाजूला ठेवा. प्रत्येक प्रथिनाचं नाव समोर आलं की चारच प्रश्न विचारायचे. हे प्रथिन नळीचा, म्हणजे सूक्ष्मनलिकेचा, जन्म कुठे व्हायचा ते ठरवतं का? नळी वाढेल की मोडेल, आणि कोणत्या टोकाला, ते ठरवतं का? नळीला धरतं, ओढतं किंवा ढकलतं का? की यातलं काहीच न करता, हे करणाऱ्यांना चालू-बंद करतं? जवळजवळ प्रत्येक नाव यातल्या एका, फार तर दोन खणांत बसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या चार प्रश्नांच्या आधारानेच चढायच्या आहेत.

पायरी १: आधी नळी काढा, हाताने

मायक्रोट्यूब्यूल म्हणजे सूक्ष्मनलिका. तिची वीट म्हणजे ट्यूब्युलिन, आणि ही वीट जोडवीट आहे: एक अल्फा, एक बीटा, मिळून ८ नॅनोमीटर लांब. विटा एकावर एक बसून एक पट्टी होते, आणि सहसा अशा १३ पट्ट्या शेजारीशेजारी चिकटून पोकळ नळी होते. नळीचा बाहेरचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर.

कागदावर काढताना एक चूक हमखास होते: दोन्ही टोकं सारखी काढली जातात. सगळ्या विटांचं तोंड एकाच दिशेला असतं, म्हणून एका टोकाला बीटा उघडा राहतो आणि दुसऱ्या टोकाला अल्फा. बीटाचं ते अधिक टोक, अल्फाचं ते उणे टोक. अधिक टोकाची घडामोड जलद चालते. प्राणीपेशीच्या विभाजनात उणे टोकं साधारणपणे ध्रुवांकडे (गुणसूत्रं ज्या दोन विरुद्ध टोकांकडे वाटली जातात त्यांच्याकडे) असतात, अधिक टोकं गुणसूत्रांकडे किंवा पेशीच्या कडेकडे. यापुढे कुठल्याही चित्रात नळी दिसली की तिच्या टोकांवर + आणि − लिहायची सवय लावून घ्या. नळीवरून चालणाऱ्या मोटर-प्रथिनांची दिशा त्याशिवाय कळणारच नाही.

आता छोटा हिशेब. एका मायक्रोमीटरमध्ये ८ नॅनोमीटरच्या १२५ विटा, गुणिले १३ पट्ट्या, म्हणजे १६२५ जोडविटा. पेशीत नळी मिनिटाला १० मायक्रोमीटर या वेगाने सहज वाढते. म्हणजे सेकंदाला अडीचशेहून जास्त विटा एकाच टोकावर येऊन बसतात. हा आकडा एकदा स्वतः काढलात की शाळेतल्या आकृतीतले ते ताठ, निश्चल धागे डोळ्यांसमोरून जातात, आणि ते जायलाच हवेत.

पायरी २: नळी अस्थिर आहे, हे पचवा

टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की एकाच द्रावणात, एकाच वेळी, काही नळ्या वाढत असतात आणि त्यांच्या शेजारच्या काही भराभर मोडत असतात. मधली स्थिर अवस्था जवळपास नसतेच. याला त्यांनी गतिमान अस्थिरता म्हटलं.

कारण जीटीपी या ऊर्जा साठवणाऱ्या छोट्या रेणूत आहे. येणाऱ्या प्रत्येक विटेच्या बीटा भागावर जीटीपी असतो. वीट भिंतीत बसल्यावर थोड्या वेळाने त्याचं विघटन होऊन जीडीपी उरतो. जीडीपीवाल्या विटेला वाकायचं असतं, पण शेजारणी तिला सरळ धरून ठेवतात. टोकावर जीटीपीवाल्या ताज्या विटांची टोपी आहे तोवर सगळं ठीक. टोपी गेली की केळं सोलावं तशा पट्ट्या बाहेर वळत सुटतात आणि नळी झपाट्याने आखडते. वाढीतून मोडण्याकडे गेली तर तिला कॅटॅस्ट्रॉफी म्हणतात, मोडता मोडता परत वाढू लागली तर रेस्क्यू.

पेशी विभाजनात शिरली की कॅटॅस्ट्रॉफी वाढतात. एरवी कित्येक मिनिटं टिकणाऱ्या नळ्यांचं सरासरी आयुष्य मिनिटाच्या आत येतं. नवख्याला हे उधळपट्टीचं वाटतं: एवढ्या विटा लावायच्या आणि लगेच उपसायच्या? पण गुणसूत्रं पेशीत कुठेही विखुरलेली असू शकतात आणि नळीला डोळे नसतात. एका दिशेला वाढायचं, काही सापडलं नाही तर मोडायचं, दुसऱ्या दिशेला परत वाढायचं. जिला गुणसूत्र सापडलं ती टिकते. किर्शनर आणि मिचिसन यांनीच १९८६ मध्ये ही ‘शोधा आणि पकडा’ची कल्पना मांडली. ती पुरेशी नाही, पुढे कळेलच, पण सुरुवात इथूनच करावी.

पायरी ३: वाढवणारे आणि मोडणारे वेगळे करा

एक्समॅप-२१५ (माणसात त्याचं नाव सीएच-टॉग) अधिक टोकावर बसून विटा पुरवतं. क्लास्प नळीला सावरून धरतं. ईबी-१ स्वतः फार काही करत नाही, पण वाढत्या टोकावर बसून इतरांना बोलावतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला चमकवलं की पेशीभर धूमकेतू पळताना दिसतात. नवख्यांना पहिली फिल्म मी हीच दाखवते, कारण ती पाहिल्यावर ‘गतिमान’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मोडणाऱ्यांत पहिलं नाव एमकॅकचं. ते कायनेसिन घराण्यातलं आहे. घराणं चालणाऱ्यांचं, हे मात्र चालत नाही, टोकावर बसून पट्ट्या वाकवतं. किफ-१८ए नळीवरून चालत टोकापर्यंत जातं आणि तिथली हालचाल दाबून टाकतं. ते काढून टाकलं तर स्पिंडल (तर्कू, म्हणजे दोन ध्रुवांमधली नळ्यांची बांधणी) लांबतो आणि गुणसूत्रं मध्यावर स्थिर न राहता मागेपुढे जोरात झुलतात. कॅटॅनिन नळीला मधूनच कापतं. जपानी तलवारीवरून, कटानावरून, ठेवलेलं नाव आहे ते. स्टॅथमिन नळीला हातही लावत नाही, मोकळ्या विटाच अडवून धरतं.

एवढे गडी असले तरी मुख्य रस्सीखेच दोघांची. २००१ मध्ये शुद्ध ट्यूब्युलिनमध्ये एक्समॅप-२१५ आणि एमकॅकचा बेडकातला भाऊ, एवढी दोनच प्रथिनं घातली तर परीक्षानळीतल्या नळ्या पेशीतल्यासारख्या वागू लागतात असं दिसलं. जलद वाढ आणि वारंवार मोडणं, दोन्ही एकत्र. शुद्ध ट्यूब्युलिन एकट्याने असं कधी वागत नाही.

पायरी ४: नळ्या जन्मतात कुठे?

शाळेत एकच उत्तर असतं: तारककेंद्र. ते अर्धं खरं आहे. शून्यातून नळी सुरू करणं अवघड, म्हणून पेशी साचा वापरते. गॅमा-ट्यूब्युलिनचं वर्तुळाकार संकुल हा तो साचा. तारककेंद्रांच्या जोडीभोवती प्रथिनांचा जाड लेप असतो, सगळं मिळून सेंट्रोसोम. विभाजनाआधी पीएलके-१ नावाचं कायनेज (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं प्रथिन) हा लेप फुगवतं, पेरिसेंट्रिनसारखी प्रथिनं तिथे गोळा होतात आणि साच्यांची संख्या कैक पटींनी वाढते.

दुसरं जन्मस्थान खुद्द गुणसूत्रं. रॅन नावाचं छोटं प्रथिन गुणसूत्रांजवळ जीटीपीयुक्त असतं, दूर गेलं की नसतं, कारण त्याला जीटीपी देणारं आरसीसी-१ गुणसूत्राला चिकटलेलं असतं. एरवी इम्पोर्टिन या प्रथिनांनी टीपीएक्स-२ला पकडून ठेवलेलं असतं. गुणसूत्राजवळ रॅन त्याला सोडवतं, ते ऑरोरा-ए या कायनेजला जागं करतं आणि नळ्या तिथेच उगवतात. वासावरून स्वयंपाकघर सापडावं, तसं पेशीला गुणसूत्र कुठे आहे ते कळतं. रेबेका हील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात नुसते डीएनए लावलेले मणी टाकले. तारककेंद्र नाही, कायनेटोकोअर (गुणसूत्रावरची नळी धरणारी जागा) नाही, तरी मण्यांभोवती दोन ध्रुवांचा स्पिंडल उभा राहिला.

तिसरं जन्मस्थान आधीच्या नळीची कड. ऑगमिन हे आठ प्रथिनांचं संकुल जुन्या नळीला चिकटतं, साचा धरून ठेवतं आणि फांदी फुटावी तशी नवी नळी साधारण त्याच दिशेला निघते. स्पिंडल इतका घट्ट भरलेला दिसतो त्याचं मोठं कारण हे. ‘शोधा आणि पकडा’ एकटं अपुरं का, त्याचंही उत्तर इथेच मिळतं: पेशी नुसती आंधळेपणाने शोधत बसत नाही, जिथे गरज आहे तिथेच नळ्या लावते.

पायरी ५: दोन ध्रुव उभे करा

इथे तिसरा प्रश्न, ओढतं की ढकलतं. ईजी-५ या मोटरला दोन्हीकडे पाय असतात. उलट दिशांच्या दोन नळ्यांवर ते एकाच वेळी अधिक टोकांकडे चालू लागतं, त्यामुळे नळ्या एकमेकींवरून सरकतात आणि ध्रुव दूर जातात. १९९९ मध्ये सापडलेलं मोनॅस्ट्रॉल हे संयुग ईजी-५ला रोखतं. मग ध्रुव वेगळे होत नाहीत. मधे एकच तारा आणि भोवती गुणसूत्रांचं कडं, असं चित्र दिसतं. हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही.

डायनिन उणे टोकाकडे चालतं आणि न्यूमाच्या मदतीने नळ्यांची टोकं ध्रुवाशी मोळीसारखी बांधून ठेवतं. पेशीच्या कडेवर बसलेलं डायनिन अख्खा स्पिंडल ओढून त्याची दिशाही ठरवतं.

एक कोडं स्वतःला घाला. ईजी-५ बंद केलं तर ध्रुव एकत्र येतात. ईजी-५ आणि डायनिन दोन्ही बंद केले तर? पटकन उत्तर येतं: आणखी वाटोळं. प्रत्यक्षात बऱ्याच पेशींत दोन ध्रुव परत उभे राहतात. विरुद्ध बाजूंनी ओढणारे दोघेही उठून गेले, तर दोरी जागेवरच राहते.

पायरी ६: पकड. इथे घाई करू नका

या पायरीला दोन दिवस द्या, कारण सगळ्या विषयाचा जीव इथे आहे.

गुणसूत्रबिंदूवर कायनेटोकोअर नावाची प्रथिनांची बांधणी उभी राहते. तिच्यातलं एनडीसी-८० संकुल लांब हातासारखं बाहेर येऊन नळी धरतं. माणसाच्या एका कायनेटोकोअरला साधारण वीसेक नळ्या लागतात, आणि त्यांचा जुडगा होतो. सुरुवातीची पकड मात्र बहुधा तिरकी असते, नळीच्या कडेला. डायनिन गुणसूत्राला ध्रुवाकडे ओढतं, मग सीईएनपी-ई नावाचं कायनेसिन त्याला मध्याकडे वाहून आणतं, आणि हळूहळू कडेची पकड टोकाच्या पकडीत बदलते.

विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रती झालेल्या असतात, त्या बहिणी. अपेक्षित असं की एका बहिणीने एक ध्रुव धरावा, दुसरीने दुसरा. पण कधी दोन्ही बहिणी एकाच ध्रुवाला लटकतात. कधी एकच कायनेटोकोअर दोन्ही ध्रुवांना धरून बसतं. पेशीला चूक कळते कशी?

ताणावरून. ब्रूस निकलस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस नाकतोड्याच्या शुक्रपेशी घडवणाऱ्या पेशींत काचेच्या अतिसूक्ष्म सुईने गुणसूत्रं हलवून पाहिली. एकाच ध्रुवाला चुकीने लटकलेली गुणसूत्रं लवकरच सुटत. पण त्याच चुकीच्या पकडीवर सुईने ओढ दिली, तर ती पकड टिकून राहत असे! म्हणजे बरोबर-चूक असं पेशी पाहत नाही, ताण आहे की नाही तेवढंच पाहते. दोन्ही बाजूंनी ओढ असेल तरच ताण येतो, म्हणून एरवी हा हिशेब बरोबर येतो.

चुकीची पकड सोडवण्याचं काम ऑरोरा-बी हे कायनेज करतं. इन्सेंप, सर्व्हायव्हिन आणि बोरियालिन या तिघांबरोबर ते बहिणींच्या मधोमध बसलेलं असतं. ताण नसताना कायनेटोकोअर त्याच्या जवळ असतं. ऑरोरा-बी एनडीसी-८०च्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं आणि पकड सैल होते. ताण आला की कायनेटोकोअर दूर खेचलं जातं आणि फॉस्फटेझ फॉस्फेट काढून टाकतात. निव्वळ अंतराची ही गोष्ट सोपी आणि सुंदर आहे. मला विचाराल तर जरा जास्तच सोपी. कायनेटोकोअरमधल्या घटनाही यात भाग घेतात. पण नवख्याने चौकट म्हणून हीच धरावी. चार खणांपैकी हा चौथा खण: ऑरोरा-बी स्वतः नळी ओढत नाही, ओढणाऱ्यांच्या हातातली पकड नियंत्रित करतं.

आणि जोवर एकही कायनेटोकोअर रिकामं आहे, तोवर पेशी पुढे जात नाही. रिकाम्या कायनेटोकोअरवर मॅड-२ आणि सोबतची प्रथिनं सीडीसी-२० ला अडकवून ठेवतात, त्यामुळे पेशीला पुढच्या टप्प्यात नेणारं एपीसी हे संकुल थांबतं. १९९५ मध्ये कॉनली रीडर यांच्या गटाने पेशीतलं शेवटचं रिकामं कायनेटोकोअर लेसरने जाळलं, आणि पेशी पश्चावस्थेत, म्हणजे बहिणी वेगळ्या होण्याच्या टप्प्यात, गेली. अख्ख्या पेशीला थोपवायला एक रिकामी जागा पुरते.

इथे परीक्षेत फसवणारा मुद्दा: एकच कायनेटोकोअर दोन्ही ध्रुवांना धरून असेल तर ते रिकामं नसतं, म्हणून ही चौकी त्याला अडवत नाही. असं गुणसूत्र पश्चावस्थेत मधेच रेंगाळतं. कर्करोगाच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या बिघडते त्याचा हा एक नेहमीचा मार्ग आहे.

पायरी ७: वेगळं होणं, आणि एक जुना गैरसमज

चौकी उठली की एपीसी सिक्युरिन आणि सायक्लिन-बी नष्ट करवतं. सिक्युरिनने अडवून ठेवलेलं सेपरेज मोकळं होतं, बहिणींना बांधणारं कोहेसिन कापतं. मग गुणसूत्रं ध्रुवांकडे जातात.

‘तर्कूतंतू आकुंचन पावतात’ हे वाक्य अजून वह्यांमध्ये सापडतं. खोडून टाका. स्नायूसारखं आकुंचन इथे काहीच नाही. १९८७ मध्ये गॅरी गोर्बस्की आणि सहकाऱ्यांनी चमकणाऱ्या नळ्यांवर प्रकाशाने फिकी रेघ उमटवली. गुणसूत्रं त्या रेघेच्या दिशेने सरकली, रेघ मात्र जवळपास जागेवरच राहिली. म्हणजे नळी गुणसूत्राच्या टोकाला मोडत होती आणि गुणसूत्र मोडत्या टोकाला धरून मागे मागे जात होतं. काही पेशींत ध्रुवाकडच्या टोकालाही नळ्या मोडतात, त्यांचं प्रमाण पेशीगणिक वेगळं.

सायक्लिन-बी गेल्याने त्याच्यावर चालणारं सीडीके-१ हे कायनेज निवतं, आणि पीआरसी-१ मोकळं होऊन स्पिंडलच्या मधोमध उलट दिशांच्या नळ्या एकत्र बांधतं. तिथेच सेंट्रलस्पिंडलिन जमतं, ते रो-ए या प्रथिनाला जागं करायला लावतं, आणि ॲक्टिन-मायोसिन या स्नायूंतल्यासारख्या प्रथिनांचं कडं पेशीच्या कमरेभोवती आवळू लागतं. पेशी नेमकी कुठे आवळायची, हे नळ्या ठरवतात. रे रॅपपोर्ट यांनी १९६१ मध्येच हे दाखवलं होतं: सँड डॉलर या समुद्री प्राण्याच्या अंड्याला काचेच्या गोळीने मेदूवड्यासारखं भोक पाडलं, तर शेजारशेजारच्या दोन ताऱ्यांच्या (ध्रुवापासून चौफेर पसरलेल्या नळ्यांच्या) मधेही, जिथे गुणसूत्रं नव्हती तिथेही, खाच पडली. शेवटी उरलेला नळ्यांचा बारीक पूल स्पास्टिन कापतं.

पायरी ८: औषधांना हत्यार समजा

कळलावी आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर फुलते. तिच्यात कोल्चिसीन असतं, मोकळ्या ट्यूब्युलिनला धरणारं. (कंद अतिशय विषारी आहे, हौस म्हणून हात लावू नका.) या कोल्चिसीनला चिकटणारं प्रथिन शोधता शोधताच बोरिसी आणि टेलर १९६७ मध्ये ट्यूब्युलिनपर्यंत पोचले. दारातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन आली. तीही नळ्या बनू देत नाहीत. यू वृक्षातलं टॅक्सॉल उलट वागतं: १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं की ते नळ्या मोडूच देत नाही. तरीही परिणाम तोच, पेशी विभाजनात अडकते. नळी आहे की नाही यापेक्षा ती बदलू शकते की नाही, याला पेशी जास्त किंमत देते, ते इथे स्पष्ट दिसतं.

नव्या प्रथिनाबद्दल वाचताना हाच खेळ करा: ते काढलं तर चित्र कसं दिसेल, आधी स्वतः काढा, मग शोधनिबंधातलं पान उलटा.

पायरी ९: स्वतः पाहायचं असेल तर

कांद्याच्या मुळाची स्लाइड इथे कामाची नाही. वनस्पतीपेशीत तारककेंद्र नसतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्राणीपेशी (कल्चर) लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून संशोधन संस्थांना अशा पेशी मिळतात. हेला पेशी (माणसाच्या कर्करोगातून आलेल्या) सोप्या, पण त्यांची गुणसूत्रं ४६ नसतात, कितीतरी जास्त असतात, हे लक्षात ठेवून मोजा.

विभाजन करणारी पेशी गोल होते आणि काचेवर जेमतेम चिकटून असते. धुताना पिपेटने थेट पेशींवर द्रव सोडला तर नेमक्या हव्या त्या पेशी वाहून जातात, उरतात नको त्या. द्रव काचेच्या कडेने, हळू सोडा. सेंट्रोसोम पाहायचे असतील तर पेशी स्थिर करायला, म्हणजे आहे त्या अवस्थेत थांबवायला, उणे २० अंशांचं मिथेनॉल काही मिनिटं बरं पडतं. ट्यूब्युलिनसाठी डीएम-१ए ही प्रतिपिंड अनेक प्रयोगशाळांत असते, डीएनएसाठी डॅपी हा चमकणारा रंग. गोल पेशी जाड असते, म्हणून एकाच पातळीवर फोकस करून निष्कर्ष काढू नका. वरपासून खालपर्यंत थरांचे फोटो घ्या. एक ध्रुव दिसत नाही म्हणून ‘एकध्रुवी’ लिहिलेलं मी पाहिलं आहे, दुसरा ध्रुव त्याच्या बरोबर खाली होता.

पहिला प्रयोग म्हणून बर्फाची परीक्षा घ्या. पेशींची डिश दहा मिनिटं बर्फावर ठेवा आणि लगेच स्थिर करा. थंडीत बहुतेक नळ्या विरघळतात. कायनेटोकोअरने टोकाने नीट धरलेले जुडगे मात्र उभे राहतात, हिरवे, जाड, मोजता येतील असे. शेजारी एक डिश ऑरोरा-बी रोखणारं संयुग घालून ठेवा, एक न घालता, आणि डब्यांवरची नावं दुसऱ्या कुणाकडून झाकून घ्या. मग उरलेले जुडगे कुठून निघून कुठे जातात ते एकेक करून वहीत काढत बसा.